एक ऊस, तीन घरे

‘वर्ग’ हा शब्द आपण शाळेत रोज ऐकतो. आठवीचा वर्ग, वर्गशिक्षक, वर्गात गोंधळ करू नका. गणितात हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. पाचाचा वर्ग पंचवीस. पण वर्तमानपत्रात ‘मध्यमवर्ग’, ‘श्रमिक वर्ग’ असे शब्द येतात, तेव्हा त्यांचा अर्थ तिसराच असतो. उर्दूत आपण ज्याला ‘तबका’ म्हणतो, तोच हा वर्ग. माणसे कोणते काम करतात, त्यांच्या मालकीचे काय आहे आणि त्यांच्या हातात पैसा कसा येतो, यांवरून समाजात जे थर पडतात, त्यांना सामाजिक वर्ग म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, वरच्या वाक्यात ‘पैसा किती येतो’ असे न म्हणता ‘कसा येतो’ असे म्हटले आहे, हे तुमच्या लक्षात आले का? श्रीमंताजवळ जास्त पैसा असतो आणि गरिबाजवळ कमी, हे सांगायला पाठ्यपुस्तकाची गरज नाही. परंतु सारखाच पैसा मिळवणारी दोन कुटुंबे अगदी निराळ्या घरांत का राहतात, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यातला ऊस पाहू.

आपला अहमदनगर जिल्हा २०२४ पासून ‘अहिल्यानगर’ या नावाने ओळखला जातो. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘नगर’ असते. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. याच्या उत्तरेकडे प्रवरा आणि गोदावरी या नद्यांच्या काठचा बागायती भाग आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी आले, तसा राहाता, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या भागांत ऊस वाढला. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना त्याचे सभासद केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने उभे राहिले. पाथर्डी, जामखेड, कर्जत या दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत मात्र पाऊस कमी आणि जमीन बरीचशी कोरडवाहू. तिथल्या माणसांना वर्षभर पुरेल एवढे काम गावात मिळत नाही.

साखर कारखान्याच्या परिसरात एकाच रस्त्याने चालत गेलात, तर तीन प्रकारची घरे दिसतील. तिन्ही घरे एकाच उसावर उभी आहेत.

पहिले घर ऊस पिकवणाऱ्या बागायतदार शेतकऱ्याचे. पूर्वी तो गावठाणातल्या वाड्यात राहत असे. आता पुष्कळांनी शेतातच घर बांधले आहे. अशा ठिकाणाला ‘वस्ती’ म्हणतात. स्लॅबचे घर, समोर अंगण, बाजूला गोठा, विहिरीवर मोटार आणि गच्चीवर पाण्याची टाकी. हे घर बांधताना त्याला पैसा अपुरा पडला, तरी मार्ग असतो. त्याच्या नावाचा सात-बारा उतारा असतो, गावच्या सोसायटीत खाते असते, आणि त्याचा ऊस कारखान्याला जाणार हे सर्वांना माहीत असते. म्हणून पैसा हातात येण्याआधीच त्याला उधार मिळते. सगळेच शेतकरी असे नसतात, हेही लक्षात ठेवा. ज्याच्याकडे दीड-दोन एकर आहे आणि ज्याच्याकडे पंचवीस एकर आहे, त्या दोघांना शेतकरी म्हणत असले, तरी त्यांची घरे सारखी नसतात.

दुसरे घर कारखान्यातल्या कायम कामगाराचे. कारखान्याच्या वसाहतीत त्याला खोल्या मिळतात. तेथेही पायऱ्या आहेत. अधिकाऱ्यांचे बंगले एका बाजूला, कारकुनांच्या खोल्या दुसरीकडे, कामगारांच्या चाळी आणखी पुढे. परंतु चाळीतल्या खोलीलासुद्धा नळ असतो, वीज असते आणि मुलांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार होतो. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. नोकरी संपल्यावर ही खोली सोडावी लागते, म्हणून शहाणा कामगार नोकरीत असतानाच कुठेतरी गुंठा-दोन गुंठे जागा घेऊन ठेवतो.

तिसरे घर ऊसतोड मजुराचे. त्याला ‘कोपी’ म्हणतात. बांबूच्या काठ्या जमिनीत रोवायच्या, त्या वर एकत्र बांधायच्या, त्यांवर चटई, उसाचे पाचट किंवा प्लास्टिकचा कागद टाकायचा, की कोपी तयार. तिचा आकार उलट्या ठेवलेल्या होडीसारखा किंवा तंबूसारखा दिसतो. आत जाताना वाकावे लागते. एका कोपीत नवरा-बायको, दोन-तीन मुले, भांडी, धान्याची गोणी आणि कपड्यांचे गाठोडे एवढे सगळे मावते. कोपी बांधण्याचे काम एका दिवसात होते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे तोडीला जायचे असते.

हे मजूर येतात कोठून? काही याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून, तर पुष्कळ शेजारच्या बीड जिल्ह्यातून. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरून टोळ्या निघतात. कोणी उत्तरेकडच्या बागायती भागात येतात, कोणी पुणे, सांगली, कोल्हापूरकडे आणि कोणी थेट कर्नाटकात जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ऊस संपतो. याला ‘कारखान्याचा पट्टा पडला’ असे म्हणतात. मग कोप्या मोडून सगळे गावी परततात.

तोडणीच्या कामाचा हिशेब माणसावर नसतो, ‘कोयत्या’वर असतो. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. नवरा ऊस तोडतो, बायको तो गोळा करून मोळ्या बांधते, मग दोघे मिळून त्या डोक्यावरून वाहनात चढवतात. मुकादम नावाचा ठेकेदार हंगामापूर्वीच प्रत्येक कोयत्याला काही रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. आपण उर्दूत जिला पेशगी म्हणतो, ती हीच. मजूर ती उचल पावसाळ्यातल्या खर्चासाठी, जुने देणे फेडण्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी घेतो आणि ती आधीच संपलेली असते. हंगामभर तो जो ऊस तोडतो, त्याच्या टनांवर मजुरी ठरते आणि ती उचलीतून वळती होते. आजारपणामुळे किंवा पावसामुळे तोड कमी झाली, तर अंगावर बाकी राहते आणि ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये मजूर संघटना आणि साखर कारखाने यांच्यात करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. ही मोठी वाढ होती. पण दर वाढला तरी पैसा येण्याची रीत बदलली नाही.

या रीतीचा घराशी काय संबंध, हे एका उदाहरणाने पाहू. हे उदाहरण कल्पित आहे, पण हिशेब खरा आहे. समजा, एका कारकुनाला महिन्याला २० हजार रुपये पगार आहे. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. समजा, एका ऊसतोड जोडप्याने हंगामातली मजुरी, वाढ्यांच्या विक्रीचे पैसे आणि गावाकडची इतर मजुरी मिळून वर्षात तेवढेच मिळवले. दोघेही बँकेत घरकर्ज मागायला गेले. बँक विचारते, पगारपत्रक कोठे आहे? कारकून मागच्या महिन्यांची पत्रके पुढे ठेवतो. जोडप्याजवळ मुकादमाच्या वहीतली एक ओळ असते, आणि ती वहीही मुकादमाकडेच असते. बँक विचारते, हप्ता दर महिन्याला कसा भराल? कारकुनाचा हप्ता पगारातून आपोआप कापला जाईल. जोडप्याला पैसा मिळतो तो वर्षातून एकदा, उचलीच्या रूपाने. बँक विचारते, तारण काय? जामीन कोण? आता तुम्हीच सांगा, कर्ज कोणाला मिळेल?

येथे आपल्या दोन्ही भाषांतला एक शब्द पाहा. उर्दूत ‘ज़मीन’ आणि ‘ज़ामिन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीने दोन्ही घेतले. जमीन म्हणजे भूमी आणि जामीन म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा माणूस. लिहिताना दोघांत एका कान्याचा फरक आहे. व्यवहारात मात्र ज्याच्याकडे जमीन, त्यालाच जामीन लवकर मिळतो. कर्ज, वसूल, अनामत, दस्त, मालक हे सगळे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आहेत. कागदोपत्री व्यवहाराची ही भाषा आपल्याला घरची आहे, पण कागद मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच घरी असतात!

हा प्रश्न केवळ ऊसतोड मजुरांचा नाही. तुमच्यापैकी कोणाचे वडील हातगाडीवर फळे विकत असतील, कोणाचे गॅरेजमध्ये काम करीत असतील, कोणाची आई घरी शिवणकाम करीत असेल. यांतले काही जण महिन्याकाठी कारकुनापेक्षा जास्तही मिळवतात. पण तो पैसा रोज येतो आणि रोखीने येतो. त्याची नोंद कोठेही होत नाही. म्हणून घर बांधायला अशी कुटुंबे भिशी लावतात, नातेवाइकांकडून हातउसने घेतात, दागिने गहाण ठेवतात किंवा पतसंस्थेकडे जातात. तेथे कर्ज लवकर मिळते, परंतु बहुधा व्याज अधिक पडते. म्हणजे ज्याच्याजवळ कमी आहे, त्याला तेच घर महाग पडते. फेरीवाल्यांना पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत बिनतारण कर्ज देणारी केंद्र सरकारची योजना २०२० साली आली. त्या रकमेत घर होत नाही, हे खरेच. तरी तिच्यामुळे पुष्कळ फेरीवाल्यांच्या नावावर बँकेत पहिल्यांदाच परतफेडीची नोंद झाली. मला स्वतःला त्या १० हजारांपेक्षा ही नोंद अधिक मोलाची वाटते.

घर जसे असते, तसा दिवस जातो. पाण्याचेच घ्या. शहरात नळाला ठरावीक वेळी पाणी येते. ज्याच्या घराखाली हौद आणि गच्चीवर टाकी आहे, त्याला पाणी केव्हा आले हे कळतही नाही. मोटार चालू केली की झाले. ज्याची एक खोली आहे आणि चार घरांत मिळून एक नळ आहे, त्या घरातल्या कोणालातरी त्या वेळी नळाशी उभे राहावे लागते. ही ‘कोणीतरी’ बहुधा घरातली मुलगी असते. पाणी दुपारी आले, तर तिची शाळा बुडते. कोपीत तर नळच नाही. टँकर, विहीर किंवा कालवा जवळ असेल तेथून पाणी आणायचे, तेही पहाटे तोडीला जाण्याआधी किंवा रात्री परतल्यावर. पाण्यावरून माणसांत उंच-सखल ठरणे ही काही आजची गोष्ट नाही. अहमद निजामशहाने १४९० साली आपले शहर वसवले. पुढे निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून खापरी नळांनी पाणी शहरात आणले गेले. ते त्या काळातले मोठे कौशल्याचे काम होते. परंतु ज्याच्या वाड्यात कारंजे उडे आणि ज्याला चौकातल्या हौदावरून घागर भरून न्यावी लागे, त्या दोघांची सकाळ तेव्हाही वेगळीच असणार.

साठवणुकीचेही तसेच आहे. ज्या घरात कोठीची खोली आहे, तेथे वर्षाचा गहू आणि बाजरी सुगीतच भरतात, तेव्हा धान्य स्वस्त असते. एका खोलीच्या घरात गोणी ठेवायला जागा नसते आणि एकदम घ्यायला पैसाही नसतो. मग पावशेर तेल, अर्धा किलो साखर असा माल रोज दुकानातून येतो. सुट्या मालाला दर जास्त पडतो. भाड्याच्या काही खोल्यांत विजेचा स्वतंत्र मीटर नसतो, तेव्हा मालक सांगेल ते पैसे द्यावे लागतात. असे पाच-पाच, दहा-दहा रुपये जोडत गेलात, तर वर्षाअखेर मोठी रक्कम होते. गरीब माणसाला काटकसर येत नाही असे काही लोक म्हणतात. त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मी शिक्षक असल्यामुळे मला आणखी एक गोष्ट दिसते. आम्ही मुलांना ‘गृहपाठ’ देतो. गृह म्हणजे घर. गृहपाठासाठी घरात एक कोपरा, एक दिवा आणि तासभर शांतता लागते. ज्या खोलीत स्वयंपाक, पाहुणे, आजारी आजी आणि दूरदर्शन संच हे सगळे एकाच वेळी असतात, तेथे ही शांतता मिळत नाही. वही अपुरी राहिली की आम्ही मुलाला आळशी म्हणतो. काही मुले आळशी असतातही. पण वही तपासताना घर किती खोल्यांचे आहे, हे कोणी विचारत नाही.

आता शहरातल्या भाड्याच्या घराकडे वळू. नगर शहरात जुन्या गावठाणातले वाडे आहेत. झेंडीगेट, सर्जेपुरा, तोफखाना, माळीवाडा असे जुने भाग आहेत. मुकुंदनगर, सावेडी, केडगाव हे भाग नंतर वाढले. भिंगारला लष्कराची छावणी आहे. भाड्याने घर घेताना भाड्याशिवाय अनामत रक्कम द्यावी लागते. भाडे देणे ज्याला परवडते, त्यालाही अनेक महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत एकदम देणे जमत नाही. म्हणून तो लहान घर घेतो किंवा कामापासून दूर घेतो. दूरच्या घराचे भाडे कमी असते, पण रिक्षाचे भाडे वाढते आणि दिवसातला तास-दीड तास रस्त्यावर जातो.

भाडेकराराचा कागद पुष्कळ लोक करीत नाहीत. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे मालक म्हणतो आणि भाडेकरूलाही ते बरे वाटते. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि २००० पासून लागू आहे. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर कोणत्या अटी ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. करार हाती असला की पत्त्याचा पुरावा तयार होतो. पत्त्याचा पुरावा नसला की गॅस, बँक आणि मुलाचा शाळाप्रवेश, सगळीकडे अडते.

वर्ग म्हणजे सर्व काही नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. पगारपत्रक आणि अनामत दोन्ही जवळ असूनही घर मिळत नाही, असेही होते. मला नोकरी लागल्यावर मी घर शोधत होतो. दोन ठिकाणी खोल्या दाखवल्या, भाडे ठरत आले, आणि मी नाव सांगितल्यावर ‘कालच दिली’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी एका वृद्ध गृहस्थांनी नाव विचारले, शाळा कोणती ते विचारले आणि किल्ली हातात दिली. दलित कुटुंबांनाही असे अनुभव पुष्कळदा येतात. खेड्यात तर कोणी गावाच्या कोणत्या बाजूला राहावे, हे जातीवरून पूर्वापार ठरलेले असे आणि वस्त्यांची नावेही जातींवरून पडली होती. अशी नावे बदलून त्यांना नवी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नाव बदलणे सोपे आहे. त्या बाजूचा रस्ता, गटार आणि दिवा बदलायला वेळ लागतो.

जात आणि वर्ग अशा रीतीने एकमेकांत गुंतलेले असतात. ज्यांच्या पूर्वजांना जमीन ठेवू दिली नाही, त्यांच्याकडे आज सात-बारा नाही. सात-बारा नाही म्हणून तारण नाही, आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही. परीक्षेत पहिल्याच गणिताचे उत्तर चुकले की त्यावर आधारलेली पुढची सगळी गणिते चुकतात, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे पहिले गणित दुसऱ्याच कोणीतरी सोडवले होते.

शासनाने गरिबांना घरे देण्याचे प्रयत्न केले आहेत. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. तेव्हा सपाट प्रदेशातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये मदत ठरवण्यात आली आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे असावे, असे ठरले. अशा घराला आपल्याकडे ‘घरकुल’ म्हणतात. परंतु घरकुल बांधायला स्वतःची जागा हवी. ज्याला जागाच नाही, तो काय करणार? ही अडचण ओळखून महाराष्ट्राने २०१५ मध्ये भूमिहीनांना जागा खरेदीसाठी मदत देणारी योजना काढली. सुरुवातीला ती मदत ५० हजार रुपयांपर्यंत होती. गावात त्या पैशात जागा मिळते की नाही, हे गाव कोणते आहे यावर अवलंबून असते.

ऊसतोड मजुराची अडचण याहून निराळी आहे. गावात त्याला घरकुल मिळाले, तरी वर्षातले पाच-सहा महिने त्याला कुलूप असते. जेथे घर आहे तेथे काम नाही, आणि जेथे काम आहे तेथे घर नाही. योजनेसाठी पाहणी करणारे लोक गावात आले, तेव्हा तो दूर कोठेतरी फडात असला, तर यादीत नाव यायचे राहून जाऊ शकते. शिधापत्रिकाही गावची असते. अलीकडे कोणत्याही ठिकाणच्या दुकानातून धान्य घेण्याची सोय झाली आहे, पण दिवस उगवण्याआधी फडात जाणाऱ्याने दुकानाच्या वेळेत तेथे पोहोचायचे कसे?

पगारपत्रक नसलेल्या माणसांना घर मिळतच नाही, असे मात्र समजू नका. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात काय झाले ते पाहा. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. आपल्या नगर शहरात आणि संगमनेरमध्येही हा धंदा जुना आहे. विडी कामगार स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. तेंदूपानाचा आणि तंबाखूचा वास त्याच एका खोलीत, तिथेच लहान मूल झोपलेले. बँकेच्या दारात या स्त्रियांना कोणी उभे करीत नव्हते. नरसय्या आडम, ज्यांना तिकडे सगळे ‘आडम मास्तर’ म्हणतात, त्यांच्या कामगार संघटनेने या स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. एकट्या स्त्रीला जामीन नव्हता, हजारो स्त्रिया एकत्र आल्यावर त्यांचे म्हणणे शासनाला ऐकावे लागले. केंद्राचे अनुदान, राज्याचे अनुदान आणि स्त्रियांचा स्वतःचा वाटा असे पैसे जमले. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची सुमारे दहा हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर तेथेच ‘रे नगर’ ही तीस हजार घरांची वसाहत असंघटित कामगारांसाठी हाती घेण्यात आली. त्यांत विडी कामगार आहेत, यंत्रमाग कामगार आहेत, कचरा वेचणारे आहेत, शिवणकाम करणारे आहेत. त्यांतली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आली. हे सगळे व्हायला कितीतरी वर्षे लागली, मोर्चे काढावे लागले, आणि घरे शहरापासून दूर असल्याने रोजच्या जाण्या-येण्याचा प्रश्न उरलाच. तरीही भिंत आपली आहे, कोणी ‘खोली खाली करा’ म्हणणार नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

ऊसतोड मजुरांना अशी संस्था उभी करणे अवघड जाते, कारण सोलापूरच्या स्त्रिया वर्षभर एका शहरात असतात आणि हे मजूर शंभर कारखान्यांवर विखुरलेले असतात. त्यांच्या मुलांसाठी मात्र एक पाऊल पडले आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. ऊसतोड कामगार जास्त असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहे काढायचे ठरले. काही ठिकाणी ती भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. आई-वडील कारखान्यावर गेले, तरी मुलांनी गावाकडच्याच शाळेत शिकत राहावे, हा तिचा हेतू. जेथे वसतिगृह नाही, तेथे मुले आजी-आजोबांजवळ राहतात. ज्यांना आजी-आजोबा नाहीत, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसून आई-वडिलांबरोबर जातात. मोठी मुलगी असेल तर ती दिवसभर कोपीपाशी थांबून धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि संध्याकाळी चूल पेटवून ठेवते.